आठवणीतलं गाणं (लेखांक सातवा) : बटण कुणाच्या हातात होतं?

गेल्या लेखांकात आपण कॉलेजच्या वयातल्या गाण्यांपाशी थांबलो होतो. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे उतारवयात सर्वाधिक दाटीने वर येतात आणि त्या वयात कानावर पडलेली गाणीही त्याच दाटीत सापडतात, हे मानसशास्त्रात आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे. या हिशेबात न बसणारा एक मोठा ऐवज मात्र उरतो. आपण ज्यांना सरसकट ‘लहानपणीची गाणी’ म्हणतो, तो. १९७० च्या आसपास महाराष्ट्रातल्या रेडिओ असलेल्या घरात जन्मलेल्यांना अशी पाच-दहा गाणी सांगायला सांगा. ‘नाच रे मोरा’ बहुधा असेलच, गीतरामायणातलं एखादं असेल, एखादं जुनं भावगीत असेल. आता सनावळ्या पाहा. ‘नाच रे मोरा’ १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसल्यांचा. गीतरामायण १९५५-५६ सालचं. म्हणजे सांगणाऱ्याच्या जन्माच्या चौदा ते सतरा वर्षं आधीची ही गाणी. माझं म्हणणं असं की, लहानपणीची गाणी सहसा आपल्या लहानपणाची नसतातच. ज्यांच्या हातात रेडिओचं बटण होतं त्यांच्या तरुणपणाची ती असतात; आणि बटण फिरवल्यावर काय ऐकू येणार, हे ठरवणारे तर आणखी तिसरेच कुणी होते.

यातल्या पहिल्या भागाला पुरावा आहे, आणि तो अमेरिकेतून आलेला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहसंशोधक जस्टिन झुप्निक यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वीस वर्षांच्या ६२ तरुणांना त्यांनी १९५५ ते २००९ या काळातली, बिलबोर्डच्या यादीत अग्रक्रमावर असलेली गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची वाटतात, कोणती आवडतात, कोणत्या गाण्यासोबत आठवणी जोडलेल्या आहेत, हे विचारलं. अलीकडची गाणी वरचढ ठरणार हे उघडच होतं. पण आलेखात आणखी एक उंचवटा निघाला, तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यांचे आईवडील मात्र ऐन विशीत होते. त्याहून लहान उंचवटा साठच्या दशकातल्या गाण्यांपाशी होता. तो आजी-आजोबांमुळे आला असावा की त्या दशकातली गाणीच तशी होती, हा प्रश्न संशोधकांनी प्रामाणिकपणे उघडा ठेवला. बासष्ट हा आकडा लहान आहे आणि देश परका आहे, हे मान्य. तरी घरातल्या मोठ्यांची आवड मुलांच्या आठवणीत वाटेकरी होते, एवढं त्यावरून म्हणता येतं.

महाराष्ट्रात ही वाटणी किती पक्की होती, हे कळायला त्या काळचा रेडिओ डोळ्यांपुढे आणावा लागतो. तो मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर असे, वर भरतकाम केलेलं झाकण. आत व्हॉल्व्ह असल्याने बटण दाबल्यावर तो तापायला वेळ लागे आणि तोवर गाण्याचं तोंड निघून जाई. त्याला लायसन्स लागे, ते पोस्टात जाऊन दरवर्षी नवं करून घ्यावं लागे. अशा वस्तूला मुलांनी हात लावायचा नसतो. तो कधी लावायचा हे मोठी माणसं ठरवत आणि काय वाजणार हे आकाशवाणीचं केंद्र. गीतरामायणाचीच गोष्ट घ्या. पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाडांच्या पुढाकाराने केंद्राने हा कार्यक्रम १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू केला. नवं गाणं शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागे. तेच शनिवारी पुन्हा आणि रविवारी पुन्हा. वर्षाच्या बावन्न आठवड्यांचा बेत होता, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी छप्पन्न झाली. (रेडिओच्या वेळापत्रकाला पंचांगाने वळवल्याचं याहून गोड उदाहरण मला ठाऊक नाही.) पुण्यातली वर्तमानपत्रं दर आठवड्याला नव्या गाण्याचे शब्द छापू लागली. तीन दिवसांत तीनदा ऐकलेलं आणि वर छापील कागद हाताशी असलेलं गाणं घरातल्या पोराला पाठ झालं, तर त्यात त्याच्या निवडीचा भाग किती?

पुढच्या पिढीबाबतचा पुरावा तर अधिक बोलका आहे. मूळ प्रसारणात ही गाणी एकट्या सुधीर फडक्यांनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे अनेक आवाज होते. सीतेची गाणी माणिकबाई गात. नंतर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, सगळी छप्पन्न गाणी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि मंचावरही गायली. १९६० नंतर जन्मलेल्या बहुतेकांना गीतरामायण म्हटलं की एकच आवाज ऐकू येतो, सीतेच्या तोंडच्या गाण्यांतसुद्धा. त्यांच्या आठवणीत १९५५ सालचं प्रसारण असणं शक्यच नाही. तिथे आहे ती घरी विकत आणलेली किंवा शेजारच्या मांडवात वाजलेली ध्वनिमुद्रिका.

आता त्या तिसऱ्या कुणाकडे येऊ. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी, मराठी माणूस. हिंदी चित्रपटगीतं त्यांना उथळ वाटत आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर ती जवळपास दिसेनाशी झाली. श्रोत्यांनी सरळ शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावला, जिथे त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती, दर बुधवारी रात्री आठला. सरकारला १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती काढावी लागली. ही हार सगळे सांगतात. तिची दुसरी बाजू मराठी वाचकाने लक्षात घ्यावी अशी आहे. चित्रपटगीताची जागा भरून काढायला आकाशवाणीने केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत उभं केलं, म्हणजे कवींकडून गीतं लिहून घेतली, संगीतकार नेमले, वाद्यवृंद दिला. भावगीत त्याआधीही होतंच; जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांनी ते तबकडीवर आणि मंचावर रुजवलं होतं. पण रोज, ठरल्या वेळी ते घरात पोचवलं आकाशवाणीने, आणि गीतरामायण त्याच हवेत घडलं. पन्नासच्या दशकातल्या मराठी मुलाचा कान असा दोन सत्तांमध्ये वाटला गेला होता, सकाळी पुणे-मुंबई आणि बुधवारी रात्री कोलंबो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ती गाणी चांगलीच होती, म्हणून लक्षात राहिली. त्यात रेडिओचं आणि आईवडिलांचं काय कौतुक? चांगली होती, वादच नाही. पण त्याच वर्षांत, त्याच स्टुडिओंत मुद्रित झालेली किती गाणी आज कुणालाच आठवत नाहीत! त्यांतली सगळीच सुमार होती, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आपण उरलेलं पाहतो आणि त्यावरून काळाची प्रत ठरवतो. मला दिसतं ते असं की, गाण्याला वारंवार वाजण्याची संधी आधी मिळावी लागते आणि गुणवत्तेची परीक्षा त्यानंतर होते. शंभरदा वाजूनही जे कंटाळवाणं होत नाही ते टिकतं. गदिमा, बाबूजी, पु. ल. या परीक्षेत उतरले, हे त्यांचं कर्तृत्व. पण परीक्षेला बसण्याचा प्रवेश कार्यक्रम-अधिकाऱ्याच्या तक्त्यातून मिळत होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आठवण खासगी असते. त्या गाण्याबरोबर कुणाला फोडणीचा वास येतो, कुणाला शाळेची घाई. हे सरकारी तक्त्यातून कसं निघेल? माझ्या मते तेच तर तक्त्यातून निघतं. आठवण ज्या परिस्थितीत रुजते ती परिस्थिती तिची खूण बनते, आणि गाण्याची वेळ रोज तीच असेल तर भोवतालची परिस्थितीही रोज तीच असते. पावणेनऊला लागणाऱ्या गाण्याशी डबा, दप्तर आणि वडिलांची ऑफिसची गडबड यांची गाठ पडणार, रात्री आठच्या गाण्याशी पानं घेण्याची. म्हणून हजारो घरांतल्या ‘खासगी’ आठवणी एकमेकींसारख्या दिसतात. आणि आठवणीला अनुभव लागतोच असंही नाही. गदिमांनीच लिहिलेल्या ‘झुकझुक अगीनगाडी’चं पाहा. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांवरून वाफेची इंजिनं १९९५ च्या अखेरीस गेली. त्यानंतर जन्मलेली मुलंही हवेत धुरांच्या रेषा काढणारी गाडी लहानपणीची म्हणून सांगतात. ती गाडी त्यांनी पाहिली नाही. ती पाहिलेल्या आजीने त्यांना भरवताना म्हटली.

तिसरी शंका आजची. आता मूल स्वतःच मोबाइलवर बोट ठेवतं, मग मोठ्यांच्या हातातलं बटण गेलं ना? अर्धं गेलं. दोन वर्षांच्या मुलाला फोन देणारा, पहिलं गाणं लावून देणारा हात अजून घरातलाच असतो, आणि तो बहुधा आपल्याच लहानपणचं गाणं शोधतो. मराठी बालगीतांच्या नव्या ॲनिमेशन चित्रफितींत मंगेश पाडगावकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’ किंवा राजा मंगळवेढेकरांचा चॉकलेटचा बंगला पुन्हा पुन्हा भेटतो तो त्यामुळे. मीना खडीकरांच्या त्या चाली आजच्या आईबापांनी पाळणाघराच्या वयात ऐकलेल्या आहेत. दुसरं गाणं मात्र यंत्र सुचवतं, आणि तिथे पावणेनऊ नाहीत, शुक्रवार नाही. एकच गाणं एक मूल पहाटे ऐकतं, दुसरं झोपताना, तिसरं गाडीत. त्यामुळे या मुलांच्या आठवणी शेजारच्या मुलाच्या आठवणींशी जुळतील की नाही, हे पाहायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. तोवर बटण पहिल्यांदा मुलांच्या हातात आलं तो काळ तपासता येतो, ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटचा. पुढच्या आठवड्यात तोच.