वादळाआधीच निघून गेलेले वॉर्बलर

एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीच्या डोंगरांत गोल्डन-विंग्ड वॉर्बलर दक्षिण अमेरिकेतून नुकतेच परतले होते. वजन जेमतेम ९ ग्रॅम! विणीच्या हंगामात हा पक्षी आपली हद्द सहसा सोडत नाही. पण टोर्नेडोंची एक भयंकर मालिका यायच्या एक-दोन दिवस आधीच हे पक्षी दक्षिणेकडे पसार झाले. वादळ तेव्हा शेकडो किलोमीटर दूर होतं. आठवडाभरात जाऊन-येऊन सुमारे १,५०० किलोमीटर उडून स्वारी पुन्हा आपल्या जागी हजर!

हे कळलं त्यांच्या पाठीवरच्या, ठावठिकाणा नोंदवणाऱ्या इवल्या जिओलोकेटरमुळे. अभ्यास चालू होता स्थलांतराचा, हे घबाड अचानक हाती लागलं.

निघाले तेव्हा तिथला हवेचा दाब, वारा, तापमान यांत विशेष बदल नव्हता. मग सुगावा कसा लागला? हा अभ्यास करणारे संशोधक हेन्री स्ट्रेबी आणि सहकाऱ्यांचा अंदाज असा : इन्फ्रासाउंड. वादळातून निघणारा हा अतिमंद ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, पण फार दूरवर पोचतो. कबुतरांना तो ऐकू येतो, हे प्रयोगांत दिसलंय. वॉर्बलरबाबत मात्र हा तर्कच, आणि नोंदी फक्त पाच पक्ष्यांच्या. त्यामुळे 'पक्ष्यांना सगळं आधीच कळतं' असले फॉरवर्ड कृपया नकोत. हवामान खात्याचा इशारा आला की तोच ऐका!