पीटरचा ससा आणि सकाळची पोटदुखी

मूल आणि मन : लेखांक ६

सहामाही परीक्षेच्या पहिल्या पेपराची घंटा होते आणि सातवीतल्या एखाद्या मुलीच्या छातीत एकदम धडधडायला लागतं. श्वास पुरेनासा होतो, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, पाय लटपटतात. ‘बाई, मला काहीतरी होतंय,’ एवढंच तिला कसंबसं सांगता येतं. सगळा वर्ग भोवती गोळा होतो. कुणी पाणी आणतं, कुणी वारा घालतं, कुणी घरी फोन लावायला पळतं. आईबाबा पोचेपर्यंत बरंचसं ओसरलेलं असतं. डॉक्टर तपासतात, ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो. मग परतीच्या वाटेवर हमखास ऐकू येतं, ‘काही झालेलं नाहीये तुला.’

पण झालेलं असतं. चिंता आजाराच्या पातळीला कधी पोचते, हे मागच्या लेखांकात पाहिलं; पॅनिक अटॅक हे तिचं सर्वांत ठळक शारीरिक रूप. मेंदूला धोक्याचा इशारा मिळतो, रक्तात अ‍ॅड्रिनलीन उसळतं, हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही वेग घेतात. ही सगळी तयारी पळायची किंवा झुंजायची. मूल मात्र बाकावर बसलेलं असतं. भराभर श्वासामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि त्यापायी मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात. मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं. म्हणजे ‘श्वास मिळत नाहीये’ असं मुलाला वाटतं, त्याच वेळी ते गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या चक्राची नेमकी मांडणी केली. धडधड सुरू होते, तिचा अर्थ ‘मी आता मरणार’ असा लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड. बहुतेकदा दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरू लागतं. ‘हे उतरतं’ ही माहिती मुलाला एरवी, शांत वेळी, अगदी शाळेच्या विज्ञानासारखी समजावून सांगायला हवी. अटॅकच्या मध्यावर कुठलंच स्पष्टीकरण डोक्यात शिरत नाही.

त्या दहा मिनिटांत मोठ्या माणसाने करायचं ते थोडकंच आहे. गर्दी हटवायची, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला खाली बसायचं, आवाज खाली ठेवायचा. ‘खूप त्रास होतोय, कळतंय मला. हा पॅनिक अटॅक आहे. थोड्या वेळात उतरेल. मी इथेच आहे.’ बस्स. ‘खोल श्वास घे, खोल श्वास घे’ असा धोशा मात्र नको. घाबरलेलं मूल ते ऐकून आणखी मोठे घोट घेतं आणि मुंग्या वाढतात. भर द्यायचा तो श्वास सोडण्यावर : फुंकर घातल्यासारखा, सावकाश, घेतलेल्या श्वासाहून लांब. तोंडाला कागदी पिशवी लावण्याची जुनी युक्ती आता सुचवली जात नाही. तो त्रास दम्याचा निघाला तर ती धोक्याची ठरते. याच कारणासाठी पहिल्यांदा असं झालं की बालरोगतज्ज्ञांना दाखवावंच. दमा, थायरॉइड, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांची शंका आधी फेडून घेतलेली बरी.

खरी कसोटी लागते ती पुढच्या काही आठवड्यांत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. तेही खरं असतं. चिंतेचा परिणाम आतड्यांवर होतोच. रिक्षा दारात हॉर्न देते, मूल रडवेलं होतं, आई म्हणते, ‘राहू दे, आजचा दिवस घरी बस.’ नऊ वाजता पोटदुखी थांबते आणि घराला हायसं वाटतं. या हायसं वाटण्यातच पुढची अडचण दडलेली असते. टाळलं म्हणून वाचलो, असा धडा मुलाचा मेंदू शिकतो. मग शाळेमागून शिकवणी सुटते, तिच्यामागून वाढदिवस, आणि एक दिवस आई दुसऱ्या खोलीत गेलेलीही चालत नाही. प्रेमापोटी, कळवळ्यापोटी सगळं घर त्या भीतीभोवती आपली घडी बसवत जातं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच हाताळलं. ‘स्पेस’ या त्यांच्या उपचारपद्धतीत मूल समुपदेशकाकडे येतच नाही, येतात ते पालक. घर भीतीला कुठे कुठे वाट करून देतंय हे ते शोधतात आणि एकेक सवलत ठरवून, मुलाला आधी सांगून कमी करतात. सोबत मुलाला एक वाक्य मिळतं, ज्यात त्रासाची कबुली असते आणि मुलावरचा भरवसाही : ‘तुला अवघड जातंय हे दिसतंय मला, आणि तू हे निभावशील याची खात्री आहे.’ आपल्याकडे यातलं एकच अर्ध सर्रास वापरलं जातं. आजी कळवळते, बाबा ‘एवढं काय घाबरायचं त्यात’ म्हणून दटावतात आणि मुलाच्या वाट्याला पूर्ण वाक्य येतच नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिंताविकार असलेल्या १२४ मुलांपैकी काहींच्या फक्त पालकांवर काम झालं, तर बाकीच्यांना थेट वर्तन-विचार उपचार, म्हणजे सीबीटी, मिळाले. पहिल्या गटातली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा कमी नव्हती.

सवलत काढायची म्हणजे मुलाला फरफटत शाळेच्या फाटकात नेऊन सोडायचं असं नाही. याचा सर्वांत जुना आणि सुरेख दाखला १९२४ मधला आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधक महिलेने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावर काम केलं. त्याला सशाची भीती, पांढऱ्या उंदराची भीती, फरच्या कोटाची, अगदी कापसाचीसुद्धा. सुरुवातीला पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी तो घाबरायचा. न घाबरणाऱ्या मुलांसोबत त्याला खेळायला बसवलं आणि ससा बारा फुटांवर ठेवला. मग चार फुटांवर, मग तीन. जोन्स यांच्या निबंधातली ही अंतरं आजही वाचण्यासारखी आहेत, कारण प्रत्येक अंतरावर पीटरचं शरीर सावरायला त्यांनी वेळ दिलेला दिसतो.

मध्येच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला. जवळपास दोन महिने तो रुग्णालयात होता आणि तिथून निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. ससा पुन्हा पूर्वीइतकाच भीतिदायक झाला. जोन्स यांनी पुन्हा लांबून सुरुवात केली. या वेळी पीटर आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणला. अखेरीस तो सशाला कुरवाळू लागला, आपली बोटं त्याला कुरतडू देऊ लागला.

शाळेच्या बाबतीत ही अंतरं घरीच आखता येतात : रविवारी नुसतं फाटकापर्यंत, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग बाईंना ठरवून दिलेल्या खुणेने पाच मिनिटं वर्गाबाहेर बसून परत आत. ज्या मुलांना धडधडीचीच धास्ती बसते त्यांना तज्ज्ञ जागच्या जागी धावायला लावतात, म्हणजे वेगवान ठोके आणि मरण यांची गाठ सुटते. परीक्षेत किंवा पाहुण्यांसमोर हे सगळं मागे गेलं, तर पीटरचा कुत्रा आठवावा आणि चार फुटांवरून पुन्हा सुरू करावं.

घरच्या प्रयत्नांनी हलत नसेल, शाळा बुडत असेल, झोप उडाली असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. २००८ मध्ये अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन हे औषध घेतलेल्यांपैकी ५५ टक्के आणि दोन्ही घेतलेल्यांपैकी ८१ टक्के मुलं बरीच सुधारली. औषधाचं नाव काढताच घाबरणाऱ्या पालकांनी हा शेवटचा आकडा लक्षात घ्यावा. अर्थात औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि मूल जगणं नको झाल्याचं, स्वतःला इजा करण्याचं बोलू लागलं तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढच्या लेखांकात : शाळेत जायलाच नकार देणारं मूल आणि वर्गशिक्षकांच्या हातात असलेल्या गोष्टी.