ऐकून तपासा अक्षर

आम्ही ढाणकीच्या बाया. न दिसणारी मैत्रीणही बचत गटाचा अर्ज वर्डमध्ये नेटका लिहू शकते. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर संगणकावरचा मजकूर वाचून दाखवतो. पण अक्षर ठळक आहे का, केवढं आहे, हे कसं कळावं? कर्सर शब्दावर न्या, इन्सर्ट दाबून धरा आणि एफ दाबा. अक्षराचा प्रकार, आकार, ठळकपणा तो बोलून सांगतो. बदलायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट धरून उजव्या बाणाने शब्द निवडा. कंट्रोल-बीने अक्षर ठळक होतं, कंट्रोल-यूने खाली रेघ येते, कंट्रोल-ईने ओळ मधोमध जाते. पुन्हा शब्दावर येऊन इन्सर्ट-एफने खात्री करा. मग “जरा बघून द्या” म्हणत कुणाच्या दारी जायला नको. गटाचं सचिवपद तिलाही द्या!