बेनितो आपल्याच बोलीत गातो

गायक बॅड बनीचं खरं नाव बेनितो मार्टिनेझ ओकासिओ. 1994 चा जन्म, गाव पोर्तो रिकोमधलं वेगा बाहा. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरण्याची नोकरी करता करता तो आपली गाणी इंटरनेटवर टाकत असे.

तो गातो त्या रेगेटॉन संगीताचा जीव ठेक्यात आहे. टेबलावर आठ मात्रा सारख्या वाजवा आणि पहिली, चौथी, सातवी जोरात: तीन, तीन, दोन. हाच डेंबो ठेका. जमैकात जन्मलेला, पनामात स्पॅनिश शिकलेला, पोर्तो रिकोतल्या सान हुआन शहराच्या गरीब वस्त्यांत वाढलेला. 1995 मध्ये तिथल्या पोलिसांनी दुकानांतून या संगीताच्या कॅसेट जप्त केल्या होत्या. पुढे 2004 मध्ये गायक डॅडी यांकीच्या 'गॅसोलिना' या गाण्याने रेगेटॉनला जगाची दारं उघडली.

मला बेनितो मोठा वाटतो तो भाषेमुळे. अमेरिकेत खपायचं तर इंग्रजीत गा, हा रिवाज त्याने मानलाच नाही. शब्दांतले 'स' गिळणारी पोर्तो रिको बेटावरची स्पॅनिश बोली त्याने तशीच ठेवली. 2022 चा 'उन वेरानो सिन ती' हा ग्रॅमीच्या सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकन मिळालेला पहिला पूर्ण स्पॅनिश अल्बम ठरला. 2025 मध्ये जगाच्या दौऱ्याआधी त्याने सान हुआनमध्येच मुक्काम ठोकला आणि पहिले नऊ कार्यक्रम फक्त पोर्तो रिकोच्या रहिवाशांसाठी राखून ठेवले.