आ कर
(संस्थेतलं बालपण : भाग ६)

मागच्या आठवड्यात झोपेविषयी बोललो. आज दात.

पुण्यातल्या बालगृहांत सुट्टीच्या दिवशी कुणा ना कुणाचा वाढदिवस असतोच. केक, क्रीमची बिस्किटं, चॉकलेटं. देणाऱ्याच्या मनाबद्दल शंका नाही. पण घरातल्या मुलाचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो, इथे तो सतत येत राहतो, आणि बहुतेकदा खाऊ घेऊन येणाऱ्या पाहुण्याचाच. दात किडण्याच्या बाबतीत साखर किती खाल्ली याइतकंच किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात, दातावरच्या आवरणातलं खनिज विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धाएक तास लागतो. तेवढ्यात दुसरं चॉकलेट आलं की सगळं पहिल्यापासून.

खाऊवर खापर फोडून मात्र भागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला मागच्या दाढा स्वतः नीट घासता येत नाहीत. घरी कुणीतरी हनुवटी धरून म्हणतं, ‘आ कर’. संस्थेत सकाळी नळापाशी रांग, शाळेची घाई, आणि एका ताईच्या वाट्याला इतकी मुलं, की ब्रश तोंडात फिरला एवढं दिसलं तरी खूप. त्यात सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ फसवी. ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते, तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. कीड दिसली तरी ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. ती पडायची नसते. जन्मभर चावायचं तिच्यावरच.

दातांवर आधीच्या दिवसांचीही नोंद राहते. हाड आयुष्यभर नव्याने घडत राहतं. दाताचं आवरण एकदाच बनतं. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मोठं आजारपण किंवा उपासमार झाली असेल, तर पुढे कायमच्या दातांवर आडव्या खाचा किंवा पातळ पट्टे उमटलेले दिसू शकतात. असा दात लवकर किडतो. ज्याच्या वयाचा कागदच नाही, त्याच्यासाठी तर दात दाखल्याचं काम करतात. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहायचा. तो नसेल तरच वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत दातही पाहिले जातात. हाती लागतो तो अंदाज, तारीख नव्हे.

आता अंगठा. चार वर्षांनंतरही तो तोंडात राहिला, तर वरचे दात पुढे येतात, समोर फट पडते. आपल्याकडचा उपाय ठरलेला: कडुनिंबाचा रस. घरी चोखणारी मुलं पुष्कळ, तेव्हा अंगठा दिसला की दुःख शोधत बसू नये. पण जिथे पाळीनुसार माणसं बदलतात, तिथे अंगठा हा मुलाच्या हातचा एकमेव कायमचा आधार असू शकतो. रस लावणाऱ्याने आधी त्याच्या जागी काय देणार ते सांगावं.

दंतवैद्याच्या खुर्चीत दोन मुलं बघा. एक ओठ घट्ट मिटून बसतं. दुसरं अनोळखी डॉक्टरांच्या मांडीवर चढतं, गळ्यात हात टाकतं. सगळे म्हणतात, किती शहाणं! मला काळजी दुसऱ्याची वाटते. कुणाशीही अशी चटकन सलगी करणं संस्थेत वाढलेल्या मुलांत संशोधकांनी वारंवार नोंदवलं आहे. बुखारेस्टमध्ये २००० नंतर संस्थांतल्या १३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात काही मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं सांभाळ करणाऱ्या पालक-कुटुंबांत पाठवलं गेलं. तिथे त्यांचं एका माणसाशी नातं जुळू लागलं. दोन वर्षांचं होण्याआधी गेलेल्यांचं अधिक चांगलं.

खुर्चीतल्या मुलासाठी बालदंतवैद्य शिकतात ती पद्धत साधी आहे: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आरसा मुलाच्या हातात, मशीन आधी त्याच्या नखावर. याला वेळ लागतो, आणि पुढच्या खेपेलाही तेच डॉक्टर लागतात. दंतशिबिरात दात मोजले जातात, ब्रश वाटले जातात, फोटो निघतो; किडलेल्या दाढेचं पुढे काय झालं ते पाहायला सहसा कुणी उरत नाही. नियमाप्रमाणे दर महिन्याच्या तपासणीची नोंद ठेवायची असते. तिच्यात वजन-उंचीबरोबर दाढांनाही एक ओळ हवी. येरवड्याच्या बालग्रामसारख्या ठिकाणी, जिथे एका घराला एकच आई असते, हे सोपं जातं. मोठ्या बालगृहात निदान दवाखान्यात प्रत्येक वेळी तीच ताई सोबत जावी.

केकच्या पैशांत तिची आणि मुलाची जाण्यायेण्याची रिक्षा होते. द्यायचे असतील तर अधीक्षकांना विचारून द्या, आणि कुणाची दाढ दुखते आहे ते ताईंना विचारा.