महाविद्यालयाच्या आवारात बालविकास केंद्र कशासाठी?

विवाहानंतर शिक्षण सुरू ठेवणाऱ्या मुलीची वाट बहुधा पहिल्या अपत्यापाशी अडते. जळगाव वा धुळ्याच्या महाविद्यालयात तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थिनीला, तान्हे मूल कोठे ठेवावे या एका प्रश्नापायी पदवी अर्धवट सोडावी लागू शकते. महाविद्यालयाच्या आवारातील बालविकास केंद्र हे या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे.

असे केंद्र एकाच वेळी तीन कामे करते. आई वर्गात असेपर्यंत ते पाळणाघर असते. तीन वर्षांवरील मुलांसाठी ती बालवाडी असते. आणि गृहविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी ती प्रयोगशाळा असते. मूल रुसते कसे, भाषा उचलते कशी, हे तेथे पुस्तकापेक्षा नेमके कळते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची 'चेतन बालवाडी' हे याचे उदाहरण होय.

अंगणवाडी असताना हे केंद्र कशाला, असे कोणी विचारील. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पोषण आहार व पूर्वप्राथमिक शिक्षण गावोगावी नेले. परंतु अंगणवाडी मोजकेच तास भरते. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. विद्यार्थिनी कर्मचारी नसल्याने ती या तरतुदीबाहेर राहते. विद्यापीठ अनुदान आयोगाने मात्र अकराव्या योजनाकाळातील (२००७ ते २०१२) पाळणाघर योजनेत कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांच्या मुलांचाही विचार केला होता.

केंद्रात शिकवायचे काय? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरातील साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. खानदेशात ज्वारीची धाटे, कापूस, केळीची पाने हे साहित्य हाताशी आहे. लहान बिया मात्र तान्ह्यांच्या हाती देऊ नयेत. घरी अहिराणी बोलणाऱ्या बालकाची पहिली गाणी अहिराणीतच असावीत. प्रमाण मराठी तिच्या आधाराने रुजते. अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. प्रशिक्षित सेविका, पाणी, स्वच्छतागृह आणि खानदेशच्या उन्हाळ्यात तापणार नाही अशी हवेशीर खोली एवढे पुरे. त्या एका खोलीमुळे आईची पदवी पूर्ण होईल आणि बालकाचे शिक्षणही सुरू होईल.