शनिवारची सकाळची शाळा

शनिवारी जिल्हा परिषदेची शाळा सकाळची असते. थंडीच्या दिवसांत मैदानावर अजून दव असतं आणि मुलं स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून रांगेत उभी राहतात. घंटा एक मुलगी देते, कारण या आठवड्यात तिची पाळी असते. मग परिपाठ: प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, सुविचार, बातम्या, बोधकथा, शेवटी पसायदान. हे सगळं मुलंच चालवतात, आज पाचवी तर उद्या सहावी. तिसरीतला एखादा मुलगा पहिल्यांदाच माईकसमोर येतो, दुसऱ्या बातमीला त्याच्या घशाला कोरड पडते आणि तो थांबतो. सगळी शाळा गप्प राहून वाट पाहते. कुणी हसत नाही, कारण प्रत्येक जण कधी ना कधी तिथे उभा राहिलेला असतो किंवा उभा राहणार असतो.

पहिली ते आठवीच्या शाळेत पुस्तकांपलीकडे जे चालतं त्याला कागदोपत्री ‘सहशालेय उपक्रम’ म्हणतात. या शब्दामुळे ते सगळं मूळ शाळेला लावलेल्या ठिगळासारखं वाटतं. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच शाळांमध्ये जाऊन बसल्यावर माझं मत उलट झालं आहे. मूल शाळेला ‘माझी शाळा’ म्हणू लागतं ते याच तासांत. आणि हे तास खरे आहेत की दिखाऊ, हे ओळखायला मी एकच कसोटी लावतो: यात मुलाच्या हातून चूक होऊ शकते का, आणि ती त्यालाच निस्तरू दिली जाते का?

या कसोटीला सगळ्यात चोख उतरतो तो मुलांचा बाजार. कुठे त्याला बाल आनंद मेळावा म्हणतात, कुठे बालबाजार. बहुतेक ठिकाणी तो संक्रांतीच्या आगेमागे भरतो, कारण तेव्हा शेतात हरभरा, मेथी, मुळा असतो आणि बांधावरच्या बोरी लगडलेल्या असतात. गोणपाट अंथरून मुलं ओळीने बसतात. पलीकडे भेळ, इडली, वडापाव, ताक. गिऱ्हाईक म्हणून अख्खं गाव येतं आणि मुद्दाम घासाघीस करतं.

एका बाजारात मी चौथीतल्या एका मुलीशेजारी बराच वेळ बसलो होतो. तिने घरच्या शेतातून मेथीच्या पंधरा जुड्या आणल्या होत्या, दहा रुपयाला एक. तासाभरात समोरच्या मुलाने भाव सातवर आणला. तिने आधी आईकडे पाहिलं. आई गर्दीत गप्प उभी होती, तिने काहीच सुचवलं नाही. मग मुलीने जुड्यांवर पाणी शिंपडलं, पिवळी पानं खुडली, दोन जुड्या एकत्र बांधल्या आणि ‘पंधराला दोन’ असं ओरडायला सुरुवात केली. चार जुड्या उरल्या, त्या शाळेच्या खिचडीत गेल्या.

खरा तास झाला सोमवारी. बाईंनी फळ्यावर प्रत्येकाचा हिशेब मांडायला लावला. ‘माझा सगळाच नफा,’ ती म्हणाली, ‘मेथी घरचीच होती.’ बाईंनी विचारलं, ‘बी कुठून आलं? पाणी कुणी दिलं? पहाटे जुड्या कुणी बांधल्या?’ वर्गात चर्चा पेटली. आईच्या दोन तासांची मजुरी धरायची की नाही, यावर मुलांचे दोन तट पडले. शेवटी रोजगार हमीच्या मजुरीचा दर कुणाच्या तरी वडलांना विचारून यायचं ठरलं. नफा-तोट्याचं प्रकरण पुस्तकात पुढे यायचं होतं. या वर्गापुरतं ते शिकवून झालं होतं.

याच्या जवळची एक गोष्ट स्काउट-गाइडमध्ये आहे, तिचं नावही सुंदर आहे: खरी कमाई. मुलांनी स्वतःच्या कष्टाने चार पैसे मिळवायचे, घरून मागून आणायचे नाहीत. स्काउटची चळवळ १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी भरवलेल्या वीसेक मुलांच्या शिबिरातून उभी राहिली. भारतात वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली. लहान मुलांसाठी बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली कबची शाखा काढली तेव्हा तिची सगळी कल्पना त्यांनी किपलिंगच्या ‘जंगल बुक’वरून घेतली. म्हणून कबच्या म्होरक्याला त्या गोष्टीतल्या लांडग्यावरून ‘अकेला’ म्हणतात. किपलिंग मुंबईत जन्मला होता आणि त्याच्या गोष्टीतलं जंगल आहे सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचं, पेंचच्या अंगाचं. सिवनीच्या डोंगरातल्या लांडग्याचं नाव इंग्लंडला गेलं आणि विदर्भातल्या एखाद्या शाळेच्या मैदानात निळा स्कार्फ बांधलेल्या पोरांच्या तोंडी परत आलं, हे मला फार आवडतं.

शालेय मंत्रिमंडळाबद्दल मात्र मी सावध असतो. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री असे फलक भिंतीवर झळकतात, पण कित्येकदा निवड गुरुजींनीच केलेली असते आणि मुख्यमंत्री म्हणजे वर्गातला पहिला नंबर. जिथे खरंच मतदान होतं, अर्ज भरले जातात, बोटाला शाई लागते, उमेदवार झाडाखाली उभा राहून बोलतो, तिथे वातावरणच वेगळं असतं. एका शाळेत सातवीतला एक मुलगा ‘दुपारी नळाला पाणी आणीन’ या एका आश्वासनावर निवडून आला. मग त्याला ग्रामपंचायतीत जाऊन सरपंचांसमोर उभं राहावं लागलं. दोन वेळा गेला, दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले. तिसऱ्या वेळी तो स्वच्छतामंत्री आणि पोषण आहार मंत्री अशा दोन मुलींना घेऊन गेला. टाकीची तोटी बदलली.

हस्तलिखिताविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ही परंपरा मराठी शाळांची खास ठेव आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत, हाताने लिहून. दिवसभर शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं पाहायचं आणि रात्री उद्याचा अंक लिहायचा. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. हाताने लिहिलेला एकच अंक असतो, तो हातोहात फिरतो आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं अक्षर असतं. आजही वर्षाअखेर कितीतरी शाळांमध्ये जाड कागदाचा असा अंक निघतो. संपादक मंडळ सहावी-सातवीचं असतं. कुणी बैलपोळ्यावर लिहितं, कुणी आजोबांनी सांगितलेल्या दुष्काळावर, कुणी मोराचं चित्र काढतं. ‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं, तेव्हापासून छापील अंकात नाव येण्याचं स्वप्न मुलांना पडत आलं आहे. त्या वाटेवरची पहिली पायरी मला हे हस्तलिखित वाटतं. मात्र आता काही ठिकाणी मजकूर मोबाइलवरून उतरवून घेतला जातो आणि अक्षर गावातल्या एखाद्या सुवाच्य लिहिणाऱ्या तरुणाचं असतं. अंक देखणा दिसतो, मुलांचं त्यात काही नसतं.

लेझीम हातात घ्यायला सोपी आणि साधायला अवघड. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तिच्यात चकत्या. चार आवाज, एक जागा, पवित्रा, दोन रुख असे हात बसायला महिने जातात. हलगी सुरू झाली की अभ्यासात मागे पडणारं मूल अचानक रांगेच्या पुढे येतं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगली जिल्ह्यातल्या लेझीमपटूंनी मैदान गाजवलं होतं.

आता स्नेहसंमेलन, म्हणजे आपलं गॅदरिंग. त्याची एक आठवण मी विसरू शकलेलो नाही. आमच्या शाळेत नाच बसवला होता आणि पोशाख तालुक्याहून भाड्याने आणायचा होता. ज्यांच्या घरून पैसे आले नाहीत त्यांना शेवटच्या आठवड्यात नाचातून काढलं. माझ्याशेजारी बसणारा मुलगा त्यात होता. नाचात तो आमच्यापेक्षा चांगला होता. त्या रात्री तो मंडपाबाहेर उभा राहून पाहत होता. म्हणून ज्या शाळा घरच्याच कपड्यांत, आईच्या जुन्या लुगड्याचे पडदे लावून नाटुकलं करतात, त्यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे.

मीना-राजू मंचाबद्दल बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. दक्षिण आशियातल्या मुलींसाठी युनिसेफने १९९०च्या दशकात मीना हे पात्र पडद्यावर आणलं. तिला रूप दिलं मुंबईतले अ‍ॅनिमेशनकार राम मोहन यांनी. एका गोष्टीत शाळेत न पाठवलेली मीना आपल्या मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी पाठवते, तो शिकून आलेले आकडे स्वतः शिकते आणि त्याच आकड्यांनी घरच्या कोंबड्या मोजून एक कमी असल्याचं ओळखते. सहावी ते आठवीच्या मुली या मंचात मासिक पाळीबद्दल बोलतात, लवकर ठरणाऱ्या लग्नांबद्दल बोलतात. कुणी मैत्रीण आठ दिवस शाळेत आली नाही तर चौघी मिळून तिच्या घरी जातात. उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या चार मुलींना ‘ती आता येणार नाही’ असं सांगणं बापाला जड जातं.

गाव आणि शाळा यांचं नातं कायद्यातही आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. काही गावांत ही समिती सह्यांपुरती असते. जिथे ती जागी असते तिथे परसबागेला कुंपण होतं, त्या परसबागेतला पालक, शेवगा, टोमॅटो पोषण आहारात पडतो, आणि वनभोजनाच्या दिवशी गावातला ट्रॅक्टर दाराशी उभा राहतो.

सरकारनेही २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. निर्णय चांगला आहे. पण दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळायचे, माहिती भरायची आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो पाठवायचा, यात शनिवार फोटोपुरता उरण्याची भीती खरी आहे. फोटो निघाला की लेझीम पुन्हा कपाटात जाते. शिक्षकांना दोष देऊन हे सुटणार नाही. त्यांना माणसं हवी आहेत.

ती माणसं गावात आहेत. हलगी वाजवणारे आहेत, गोधडी शिवणाऱ्या आजी आहेत, कबड्डीत तालुका गाजवलेले आणि आता किराणा दुकान चालवणारे आहेत, निवृत्त पोस्टमास्तर आहेत. तुमच्या घराजवळ अशी एखादी शाळा असेल तर येत्या शनिवारी सकाळी मुख्याध्यापकांना भेटा आणि महिन्यातून एक तास मागून घ्या. जे येतं ते मुलांना शिकवा, आणि बाजाराच्या दिवशी मेथीची जुडी पूर्ण भावाने विकत घ्या.